निवडीवर चालणारे गेम: जे खेळणाऱ्याला कदाचित दिसणारच नाही, ते लिहायचं का?

संगम_माहुली
नमस्कार मंडळी. इथे गेम खेळणारे बरेच आहेत, लिहिणारेही आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

मी एक मजकुराचा गेम लिहितोय. चित्रं नाहीत, आवाज नाही, फक्त गोष्ट आणि टप्प्याटप्प्यावर दोन-तीन पर्याय. त्यासाठी इंक नावाची, असे गेम लिहायची भाषा वापरतो. '८० डेज' करणाऱ्या इंकल स्टुडिओने ती २०१६ मध्ये सगळ्यांना मोफत खुली करून दिली. ब्राउझरमध्ये मराठी मजकूर झकास दिसतो.

गोष्ट १८५३ च्या उन्हाळ्यातली. सांगलीची एक नाटकमंडळी मुंबईला निघाली आहे. मंडळी काल्पनिक, काळ खरा. चिंतामणराव पटवर्धन १८५१ साली गेले, दरबाराचा आधार सुटला, आता गावोगाव खेळ लावून पोट भरायचं. खेळणारा म्हणजे या मंडळीतला एक स्त्रीपार्टी पोरगा. पहिल्याच प्रकरणात मालक त्याला विचारतात, कुठल्या वाटेने जायचं? एक वाट कोल्हापूर, अणस्कुरा घाट, राजापूर आणि तिथून गलबताने मुंबई. दुसरी कराड, सातारा, पुणे, बोरघाट.

साताऱ्याच्या वाटेवरचा भाग मी जीव ओतून लिहिलाय. १८४८ ला संस्थान खालसा झालंय, राजवाडा उभा आहे आणि आत राजा नाही. रंगो बापूजी कित्येक वर्षं लंडनमध्ये साताऱ्याची बाजू मांडत बसलेत. आश्रयदात्याशिवाय उरलेलं गाव कसं असतं ते त्या पोराला इथे दिसतं, आणि सांगलीचं पुढे काय होणार याची भीती त्याला इथेच पहिल्यांदा वाटते. माझ्या मते गोष्टीचा गाभा तोच.

पण ज्यांना खेळायला दिलं त्यातल्या बहुतेकांनी गलबत निवडलं. सातारा त्यांना दिसलाच नाही. मित्र म्हणतात, सातारा सक्तीचा कर, फाटा त्याच्या पुढे ठेव. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही. तुमचा अनुभव काय? गेममध्ये काही हुकलं की राग येतो की बरं वाटतं?

भडंग_मसालेदार
सांगलीच्या मंडळीची गोष्ट साताऱ्याचा माणूस लिहितोय आणि लोक सातारा टाळून थेट समुद्रात उडी मारतायत. आम्हाला आनंद झाला. लिंक दे लवकर.

रेवा_विश्रामबाग
अजिबात सक्तीचा करू नका.

'द विचर २' आठवा, २०११ चा. पहिला अंक संपताना सैन्यातल्या रोशबरोबर जायचं की बंडखोर आयोर्वेथबरोबर, एवढं ठरवायचं असतं. त्यानंतर दुसरा अंक जवळजवळ पूर्ण वेगळा. एकाच लढाईच्या दोन बाजू, गाव वेगळं, माणसं वेगळी, कामं वेगळी. एका खेळात दुसरी बाजू दिसतच नाही. मी रोशबरोबर गेले होते. नंतर कळलं की पलीकडे व्हर्गन नावाचं अख्खं शहर आहे आणि तिथलं जगणं मी पाहिलंच नाही. त्या क्षणी माझ्या निवडीला वजन आलं. दोन्हीकडून फिरून शेवटी सगळंच बघायला मिळणार असतं तर ती निवड कसली? नुसती रांग लावायची सोय.

कंपनीने खर्च केला, लोकांनी राबून ते शहर उभं केलं आणि कित्येकांना ते दिसणार नाही हे माहीत असून केलं. त्या धाडसासाठी तो गेम मला आजही प्रिय आहे.

शिफ्टवाला_कुपवाड
रेवाताई, तुमचं म्हणणं वाचायला छान आहे, पण माझं ऐका. एमआयडीसीत शिफ्ट आहे, रात्रपाळी असली की आठवडा कुठे जातो कळत नाही. घरी दोन पोरं. एक मोठा गेम संपवायला मला कित्येक महिने लागतात. तोच गेम मी परत पहिल्यापासून खेळेन असं ज्याला वाटतं त्याने माझं आयुष्य बघितलेलं नाही. पैसे पूर्ण गेमचे घेतले ना? मग मला पूर्ण गेम दाखवा.

मी सरळ शेजारी वॉकथ्रू उघडून खेळतो. कुठला पर्याय घेतला की काय बंद होतं ते आधी बघतो, मग बटण दाबतो. यात मला काही गैर वाटत नाही.

साताऱ्याचा भाग एवढा चांगला असेल तर तो लपवून ठेवणं हा माझ्यासारख्यावर अन्याय आहे, स्पष्ट सांगतो.

किल्लेदार
लका, वॉकथ्रू उघडून खेळतोस म्हणजे परीक्षेला गाईड घेऊन बसतोस की.

शिफ्टवाला_कुपवाड
परीक्षा कुठाय इथं? विरंगुळा आहे. विरंगुळ्यात नापास करायला लागले तर घरचं काय वाईट आहे.

कोड_कराड
थोडं गणित मांडतो, कारण हा वाद शेवटी लिहिणाऱ्याच्या हाताशी येऊन थांबतो.

दर टप्प्याला दोन पर्याय आणि एकूण दहा टप्पे धरा. एकही वाट दुसरीला मिळाली नाही तर १०२४ शेवट होतात. मधले सगळे तुकडे धरून २०४७. एक तुकडा २०० शब्दांचा म्हटला तरी चार लाखांवर शब्द लिहावे लागतात. आणि खेळणारा एका खेपेला वाचतो किती? ११ तुकडे, म्हणजे २२०० शब्द. एकटा माणूस हे लिहूच शकत नाही, मोठ्या स्टुडिओलाही परवडत नाही.

म्हणून जवळपास सगळे जण वाटा फोडतात आणि पुन्हा एकत्र आणतात. खरी कसोटी तिथे लागते. वाटा मिळाल्यावर मागचं सगळं पुसलं गेलं तर खेळणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. माहुलीला कृष्णेत वेण्णा मिळते, पुढे नाव एकट्या कृष्णेचं असतं, पण वेण्णेचं पाणी काही नाहीसं होत नाही. गोष्टीतही तसं हवं. वाटा एक झाल्या तरी कुठून आलात ते पुढच्या बोलण्यात, माणसांच्या वागण्यात उतरलं पाहिजे. इंकमध्ये हे सोपं आहे, कुठला भाग वाचून झालाय हे ती स्वतःच मोजून ठेवते. पुढे कुठेही एक अट टाकली की वाक्य बदलतं.

तेव्हा धागाकर्त्याला माझा प्रश्न: मुंबईला पोचल्यावर साताऱ्याहून आलेला पोरगा आणि गलबतातून आलेला पोरगा यांच्यात फरक काय?

संगम_माहुली
कोड_कराड, खरं सांगायचं तर सध्या एक-दोन वाक्यांचा. यावर विचार करतो.

अनुजा_औंध
पुन्हा एकत्र आणण्यात फसगत कशी होते याचं सगळ्यात चटका लावणारं उदाहरण म्हणजे टेलटेलचं 'द वॉकिंग डेड', २०१२ चं. ज्यांनी खेळलं नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडा.

पहिल्या भागात डग किंवा कार्ली, एकालाच वाचवता येतं, आणि हात घाईने उचलावा लागतो. मी कार्लीला वाचवलं आणि मला वाटलं, आता ही माझी जबाबदारी. तिसऱ्या भागात रस्त्याच्या कडेला लिली तिला गोळी घालते. डगला वाचवलं असतं तर तिथेच डग गेला असता. लिहिणाऱ्यांना दोन वाटा पुढे ओढायच्या नव्हत्या, म्हणून दोन्ही कापल्या.

हे कळल्यावर आधी संताप आला. पण काही दिवसांनी जाणवलं की मधल्या सगळ्या वेळात कार्लीशी झालेलं बोलणं माझं होतं. ली, म्हणजे आपण खेळतो तो नायक, त्याच्या गुन्ह्याबद्दल ती त्याच्याशी काय बोलते, काय सल्ला देते, ते डगवाल्यांना मिळालं नाही. शेवट एकच असला तरी सोबत वेगळी होती. लीने सांभाळलेली छोटी मुलगी क्लेमेंटाइन, तिच्याबद्दल 'क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल' ही ओळ पडद्यावर आली की छातीत धस्स व्हायचं, मग पुढे तिने लक्षात ठेवो न ठेवो. मला वाटतं निवडीचं वजन निम्मं परिणामात असतं आणि निम्मं निवडताना होणाऱ्या घालमेलीत.

किल्लेदार
घालमेल एकदाच चालते. दुसऱ्या खेपेला पोकळ निघालं की तिसरा गेम घेताना माणूस विश्वास ठेवत नाही. २०१२ मध्येच 'मास इफेक्ट ३' च्या शेवटावर लोक का पेटले? तीन गेम, २००७ पासून सेव्ह पुढे नेत नेत आलेली माणसं, आणि शेवटी ज्यात मागचं काही नीट दिसत नाही असे तीन पर्याय. कंपनीला त्याच वर्षी वाढीव शेवट मोफत द्यावा लागला. एवढा राग उगाच येत नाही. लोकांनी त्यात वर्षं घातली होती.

तुषार_मिरज
'विचर ३' मध्ये तर उलटीच तऱ्हा. सिरी, म्हणजे नायक गेराल्टची मानलेली मुलगी, तिचं शेवटी काय होतं ते अशा प्रसंगांवर ठरतं की जे निर्णय आहेत हेच कळत नाही. ती खचून बसलेली असते. 'सगळंच जमायला हवं असं काही नाही' म्हणून प्यायला बसायचं, की बाहेर नेऊन बर्फाचे गोळे फेकायचे. मला पहिला पर्याय समंजसपणाचा वाटला. अशा मोजक्या प्रसंगांची बेरीज होऊन शेवट हातातून गेला. हे बरोबर आहे का?

रेवा_विश्रामबाग
तुषार, मला तो सगळा भाग फार खरा वाटतो. मुलं मोठी होताना कुठलं वाक्य त्यांच्या मनात राहील हे आईबापाला आधी कळत नाही. गेराल्टलाही कळत नाही. वरती ठळक अक्षरात 'हा महत्त्वाचा निर्णय आहे' असं लिहिलं असतं तर प्रत्येकाने आदर्श बाप होऊन दाखवलं असतं.

तुषार_मिरज
तरी खेळणाऱ्याला काहीतरी खूण हवी. नाहीतर तो नशिबाचा खेळ झाला.

बापलेक_वाई
तुषारशी सहमत आणि रेवाताईंशीही, कसं ते सांगतो.

माझी मुलगी कॉलेजला आहे. सुट्टीत ती घरी आली की आम्ही दोघं 'डेट्रॉइट: बिकम ह्यूमन' खेळतो. २०१८ चा गेम. प्रत्येक प्रकरण संपलं की तो अख्खा आराखडा पडद्यावर मांडतो. तुम्ही चाललेली वाट उजळलेली आणि न चाललेल्या वाटांच्या जागी कुलूप लावलेले चौकोन. शिवाय जगभरातल्या किती टक्के लोकांनी तुमच्यासारखं केलं तेही.

लेकीला तो आराखडा फार आवडतो. 'बाबा, इथे अजून तीन दारं होती' म्हणून ती उठून बसते. मला मात्र तो बघितला की आत्ता डोळ्यात पाणी आणणारा प्रसंग एकदम नकाशा होऊन जातो. आम्ही तडजोड केली आहे. आराखडा आला की मी चहा टाकायला उठतो, ती बघून घेते. हुकलेलं किती दाखवायचं हे माणसागणिक बदलतं, एवढंच म्हणायचंय. दाखवायचं असेल तर ज्याला नको त्याला डोळे मिटायची मुभा असावी.

नाट्यवेडा_काका
मी गेम खेळत नाही. नातवाने हा धागा दाखवला, नाटकमंडळीचा उल्लेख आहे म्हणून. वाचला आणि राहवलं नाही.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा आजच्यासारखी छापील संहिता पात्रांच्या हातात नव्हती. सूत्रधार पदं म्हणायचा, कथा त्या पदांनी बांधलेली असायची. मधली भाषणं पात्रं आपल्या बुद्धीने, जागच्या जागी करायची. म्हणजे कथेची वाट ठरलेली आणि बोलणं त्या रात्रीचं. सोमवारी राक्षस काय बोलला ते मंगळवारच्या प्रेक्षकाला मिळालं नाही, आणि तो त्यासाठी रडत बसला नाही. त्याने मंगळवारचा खेळ पाहिला.

सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात मी आयुष्यभर नाटकं पाहत आलो. ज्या प्रयोगात एखाद्या नटाने नेहमीपेक्षा वेगळी जागा घेतली तो प्रयोग ज्यांनी पाहिला ते अजून सांगतात, आणि ज्यांनी नाही पाहिला ते ऐकतात. दोघंही त्या नाटकाचेच प्रेक्षक. तेव्हा, धागाकर्ते, तुमचा सातारा चार जणांनीच पाहिला तरी ते चौघं सांगतील. तुमच्या मंडळीतल्या पोराची भाषणंही उत्स्फूर्त ठेवा, ते त्या काळाला धरून होईल.

संगम_माहुली
काका, तुमची पोस्ट तीनदा वाचली. पोराचं रंगमंचावरचं भाषण खेळणाऱ्यानेच पर्यायांतून रचायचं, पदं मात्र ठरलेली, हे मी नक्की करणार. हे मला सुचलंच नव्हतं.

भडंग_मसालेदार
काका, नातवाला सांगा, त्याचं खातं जप्त. आता इथून पुढे तुम्हीच लिहा.

शिफ्टवाला_कुपवाड
काका, नाटकाचं पटलं. पण नाटक तीन तासांत संपायचं. माझा प्रश्न वेळेचा आहे, तो तसाच उभा आहे.

इतिहास_बाई
शिफ्टवाला भाऊ, वेळेचाच गेम सांगते. 'पेंटिमेंट', ऑब्सिडियनचा, २०२२. सोळाव्या शतकातलं बव्हेरियातलं एक गाव, शेजारी मठ, तिथे एका सरदाराचा खून. तुम्ही चित्रकार आंद्रेआस. तपासाला दिवस मोजके. कुणाकडे जेवायला बसायचं, कुणाला कामात मदत करायची, त्यात प्रहर सरतात. सगळ्या संशयितांच्या मागे जाताच येत नाही. शेवटी तुम्हाला एकाचं नाव घ्यावं लागतं आणि त्याला देहदंड होतो. खरा खुनी कोण हे गेम शेवटपर्यंत सांगत नाही.

मी शाळेत इतिहास शिकवते. मला हा गेम इतिहासाच्या फार जवळचा वाटला, कारण आपल्या हाती येतात ते मोजके कागद, आणि त्यावरच मत बनवावं लागतं. इथे हुकलेला भाग ही उणीव नसून तोच विषय आहे. दुसऱ्यांदा खेळून सगळे पुरावे गोळा केले तरी खात्री मिळत नाही, म्हणून दुसऱ्यांदा खेळायची सक्तीही वाटत नाही. मी एकदाच खेळले. तेवढा माझ्यापुरता पूर्ण आहे.

संगम_माहुली यांनी स्वतःला एक विचारावं. गलबताने गेलेल्याची गोष्ट साताऱ्याशिवाय पूर्ण वाटते का? वाटत असेल तर हरकत नाही. अर्धी वाटत असेल तर दोष फाट्याचा नाही, गलबताच्या भागाचा आहे.

यवतेश्वर_उतार
विषय चाललाय म्हणून विचारतो, 'बाल्डर्स गेट ३' चे सतरा हजार शेवट खरे का? आमच्याकडे ऑनर मोडमध्ये, म्हणजे हरलं की सगळं संपलं अशा खेळात, नेमकी लाईट गेली तेव्हापासून मी त्याच्याकडे बघितलं नाही.

किल्लेदार
तो गेम करणाऱ्या लॅरियनने २०२३ मध्ये १७,००० हा आकडा सांगितला होता खरा, पण त्यात बारीकसारीक फरकांच्या जुळण्या धरल्यात. कोण जिवंत, कोण कुठे गेलं, असं सगळं. सतरा हजार वेगळ्या गोष्टी समजू नकोस. आणि इन्व्हर्टर घे बाबा.

यवतेश्वर_उतार
इन्व्हर्टर आहे. त्यावर आई मालिका बघत होती.

ओंकार_वालचंद
'अंडरटेल' चं कुणीच नाव काढलं नाही? २०१५ चा, टोबी फॉक्सचा. त्यात सगळ्यांना मारत जायची एक वाट आहे. लोक ती का घेतात? बहुतेकदा फक्त बघायचं राहिलं म्हणून. गेम तेच तोंडावर सांगतो: तू हे वाईटपणाने करत नाहीस, करता येतं म्हणून करतोयस. आणि त्या वाटेने एकदा शेवटाला गेलात की नंतर कितीही शहाण्यासारखं खेळा, गोड शेवटावरही डाग राहतो. रीसेट केलं तरी गेमच्या लक्षात असतं.

मी ती वाट घेतलेली नाही. व्हिडिओही बघितला नाही. त्यातल्या सॅन्स नावाच्या सांगाड्याशी होणारी लढाई जबरदस्त आहे म्हणतात. असू दे. त्याच्या भोळ्या भावाला, पॅपिरसला, मी हात लावणार नाही.

शिफ्टवाला_कुपवाड
ओंकार, हे मात्र मला आवडलं. म्हणजे काहीतरी न बघणं हीच तुझी निवड. असं असेल तर माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती नकळत हुकण्याबद्दल.

अनुजा_औंध
शिफ्टवाला दादांचं हे वाक्य महत्त्वाचं आहे. नकळत हुकणं आणि जाणून सोडणं यांत फार अंतर आहे. 'डिस्को एलिझियम' मध्ये प्रत्येक अवघड पर्यायावर यशाची शक्यता टक्क्यांत दिसते. लाल चौकट म्हणजे एकदाच संधी, पांढरी म्हणजे कौशल्य वाढवून परत येता येतं. दोन फासे पडतात, दोन्ही सहा आले तर काहीही जमतं, दोन्ही एक आले तर काहीही फसतं. आधीच सगळं समोर ठेवलेलं. आणि फसलं तरी पाटी कोरी राहत नाही, फसण्याचा प्रसंगही तेवढ्याच मायेने लिहिलेला आहे. म्हणून मला सेव्ह परत लोड करावंसं वाटलंच नाही.

रेवा_विश्रामबाग
मग मूळ प्रश्नाकडे जाऊ या, कारण आपण बरंच फिरून आलो. संगम_माहुली, लोक गलबतच का निवडतात? तो पर्याय तुम्ही नेमका कसा लिहिलाय? शब्द जसेच्या तसे टाका ना इथे.

संगम_माहुली
टाकतो.

मालक म्हणाले, 'बोल पोरा, कसं जायचं?'
– राजापूरहून गलबताने.
– साताऱ्यावरून, घाटाने.

रेवा_विश्रामबाग
सापडलं. या दोन ओळी वाचून मीसुद्धा गलबत घेईन. समुद्र कुणाला नको? साताऱ्याच्या ओळीत फक्त चाल दिसते, माणूस दिसत नाही. काय सोडतोय हे कळलंच नाही तर ती निवड नाही, अंदाज आहे. तुम्ही रस्ता हलवू नका. दार नीट लिहा.

इतिहास_बाई
आणि त्या काळाचा ताण घाला. मृग लागायच्या आत गलबत सुटलं नाही तर पावसाळाभर बंदर बंद. म्हणजे साताऱ्याला थांबलो तर समुद्राची वाट गेली, ही अट खरी आहे, तुमच्या मनाची नाही.

कोड_कराड
माझा प्रयत्न:

साताऱ्याहून निरोप आलाय. राजवाड्यासमोर खेळ लावा म्हणतात, पण बिदागी कोण देणार ते निरोपात नाही. मालकांचे थोरले गुरू तिथेच असतात, थकलेत. राजापूरचं शेवटचं गलबत मात्र मृगाच्या आत निघेल.
– गुरूंना खेळ दाखवून पुढे जाऊ.
– गलबत गाठू. मुंबईत पैसा आहे.

आता दोन्हीकडे ओढ आहे. आणि गलबताने गेलात तर मुंबईत कुणीतरी साताऱ्याचा भेटू द्या. तो विचारेल, 'गुरुजींना भेटून आलात ना?' तेव्हा पोराने काय उत्तर द्यायचं ते खेळणाऱ्याला ठरवू द्या. ज्याने सातारा पाहिला नाही त्यालाही सातारा लागला पाहिजे.

अनुजा_औंध
हे वाचून माझ्या पोटात खड्डा पडला. हेच घ्या.

भडंग_मसालेदार
कराडकरांनी सातारा-सांगली वाद मिटवला. मधल्या गावाचा उपयोग.

शिफ्टवाला_कुपवाड
चांगलं झालंय. माझी एक मागणी राहिली. शेवट झाल्यावर परत खेळायचं असेल तर सांगलीतलं सगळं पुन्हा वाचायला लावू नका. थेट फाट्यावरून सुरू करायची सोय द्या. पहिल्या खेपेला मी गाईड न बघता निवडेन, कबूल. पण दुसऱ्या खेपेला माझा वेळ वाचवा.

रेवा_विश्रामबाग
ही मागणी एकदम रास्त आहे. '८० डेज' मध्ये हे वेगळ्या तऱ्हेने साधलंय. दीडशेहून जास्त शहरं, पण एक फेरी आटोपशीर. मुंबईला उतरा नाहीतर नुसते जवळून जा, गोष्ट संपते आणि दुसरी फेरी दुसऱ्याच शहरांतून. एक फेरी छोटी असली की हुकलेलं बोचत नाही, उलट बोलावतं.

संगम_माहुली
ठरलं. सातारा आहे तिथेच राहणार, सक्ती नाही. दार कोड_कराड यांच्या वळणाने पुन्हा लिहितो. गुरूंचं पात्र नव्याने घालतो, ते दोन्ही वाटांना पुरेल. मुंबईतला तो प्रश्नही घेतो. शेवटानंतर फाट्यापासून सुरुवात करायची सोय शिफ्टवाला दादांसाठी. एक अडचण उरली: दोन वाटा मुंबईत एकत्र कशा आणू? एक बंदरावर उतरतोय, दुसरा घाटातून येतोय. प्रवेश दोनदा लिहावा लागेल.

इतिहास_बाई
नाही लागणार. तेव्हा पुण्याहून येणारा बोरघाट उतरून पनवेलला यायचा आणि तिथून होडीने मुंबई. म्हणजे तुमचे दोन्ही पोरगे पाण्यातूनच येतात. धक्का एकच ठेवा. आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झालेली आहे, उन्हाळ्यात पोचलात तर तिची शिट्टी दोघांनाही ऐकू येऊ द्या.

नाट्यवेडा_काका
स्त्रीपार्ट्याची वेशभूषा आणि पदांच्या जागा लिहून झाल्या की मला दाखवा. चुकीचं काही जायला नको. नातू फाईल उघडून देईल.

शिफ्टवाला_कुपवाड
मलाही पाठवा. पुढच्या आठवड्यात दिवसपाळी आहे. मी गुरूंना भेटूनच जाणार.